वृत्तपत्रांचे टेबल सर्वांना खुले, मग इंटरनेटला कुलूप का?

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
सार्वजनिक ग्रंथालय व संगणक कक्ष, कोल्हापूर

विषय : बिगरसभासदांचा संगणक व वाय-फाय वापर बंद करण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

संगणक कक्षाच्या दारावर सूचना लागली आहे : येत्या एक तारखेपासून सभासद नसलेल्यांना संगणक आणि वाय-फाय वापरता येणार नाही. कारण दिले आहे, ‘सभासदांची गैरसोय’. गैरसोय खरी आहे. दुपारनंतर नेट रडतखडत चालते, फोन जोडला जात नाही, संगणकासाठी ताटकळावे लागते. पण या गैरसोयीचे मूळ भलतीकडेच शोधले गेले आणि शिक्षा भलत्यांनाच झाली.

कक्षातले संगणक, राउटर आणि वायरिंग आम्ही स्वयंसेवक सांभाळतो. कुठे काय बिघडते आणि का बिघडते, हे आम्हाला रोज दिसते. सूचनेवर आमचे मत कोणी विचारले नाही. पत्र खुले ठेवले, कारण ज्यांच्यावर दार बंद होणार आहे त्यांना वार्षिक सभेत बोलण्याचा हक्क नाही. आपल्याविषयी काय ठरते आहे, एवढे तरी त्यांना वाचता यावे.

ग्रंथालयात शिरल्याबरोबर वृत्तपत्रांचे टेबल लागते. तिथे बसणाऱ्याला कोणी पावती विचारत नाही. भाजी घेऊन परतणारे आजोबा, एसटीची वाट पाहणारा पोरगा, कोणीही येतो, पेपर चाळतो आणि जातो. पुस्तक घरी न्यायचे असेल तर मात्र अनामत आणि वर्गणी. ही विभागणी फार जुनी आणि शहाणी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली मान्यता आणि अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांत मुक्तद्वार वाचन कक्ष सगळ्यांच्या ओळखीचा आहे. या शहरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० साली सुरू झाले, म्हणजे सार्वजनिक वाचनाची सवय इथे पावणेदोनशे वर्षांची आहे.

आता त्या टेबलावरच्या पेपरात पूर्वी काय असायचे ते आठवा. नोकरीची जाहिरात, निकाल, प्रवेशाची तारीख, सरकारी सूचना. आज यातले बहुतेक पोर्टलवर गेले आहे आणि पेपरात उरली आहे ती ‘सविस्तर माहितीसाठी संकेतस्थळ पाहा’ ही ओळ. पूर्वी जाहिरात फुकट वाचून अर्ज टपालाने धाडता यायचा. आज अर्जही त्याच पडद्यावर भरावा लागतो. म्हणजे पेपर सर्वांना खुला आणि पेपर ज्या पानाकडे बोट दाखवतो ते पान फक्त सभासदांना, असा हा निर्णय आहे.

‘प्रत्येकाकडे मोबाईल आहे, त्यावर भरू द्या की अर्ज’ असे मंडळातले काही जण म्हणतात. बँक भरतीचा एक अर्ज मोबाईलवर भरून पाहावा, ही त्यांना विनंती. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, शिवाय डाव्या अंगठ्याचा ठसा आणि हाताने लिहिलेले प्रतिज्ञापत्र, त्यांची मापे आणखी वेगळी. कॅमेऱ्यातून निघणारा फोटो दोन-तीन एमबीचा असतो. तो कापून, दाबून, तरीही सही वाचता येईल असा ठेवणे हे संगणकावर दहा मिनिटांचे काम आहे. पाच इंची पडद्यावर त्यात दुपार जाते. मध्येच ओटीपी पाहायला संदेश उघडला की ब्राउझर पान पुन्हा लोड करतो आणि भरलेले सगळे पुसले जाते. महाडीबीटीची शिष्यवृत्ती, सीईटीची नोंदणी, अकरावीचा ऑनलाइन प्रवेश, निवृत्तांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, कामगारांचे पीएफचे खाते, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच.

दुसरा सल्ला : ‘बाहेर दुकानात भरून घ्यावा.’ दुकानदारांशी आमचे भांडण नाही. त्यांच्यावर शेवटच्या तारखेची झुंबड असते. पण त्या घाईत एक गोष्ट वारंवार होते आणि तिची किंमत पोरांना महिन्यांनी मोजावी लागते. अर्जदाराचा ईमेल नसतो किंवा पासवर्ड आठवत नाही, म्हणून दुकानातलाच ईमेल आणि कधी कधी दुकानातलाच मोबाईल नंबर टाकला जातो. अर्ज जातो, पावती मिळते. हॉल तिकीट काढायची वेळ येते तेव्हा पासवर्ड बदलण्याचा दुवा त्या दुकानाच्या ईमेलवर जातो, ओटीपी त्या नंबरवर जातो. शाहूवाडी किंवा गगनबावड्याहून मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलेल्या मुलीने ते दुकान शोधायचे, आणि ते बंद असले तर परीक्षा सोडून द्यायची. हीच मुलगी आपल्या कक्षात पाऊण तास बसली तर स्वतःचा ईमेल उघडते, पासवर्ड स्वतः वहीत लिहून घेते, आणि पुढचा अर्ज कोणालाही न विचारता भरते.

‘मग सभासद व्हा’ असे तिला सांगायचे तर आपल्या सभासदत्वाच्या अर्जावर सूचकाची सही लागते, पत्त्याचा पुरावा लागतो, आणि मंजुरी मासिक सभेत मिळते. अर्जाची शेवटची तारीख आपल्या सभेसाठी थांबत नाही.

आता नेट का मंदावते ते सांगतो. ‘बाहेरची पोरे सिनेमे उतरवतात’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकले की ते सगळ्यांना खरे वाटू लागले आहे. कारण वेगळे आहे. बहुतेक मोबाईल अशा बेताने लावलेले असतात की जड कामे फक्त वाय-फायवर करायची : ॲप अद्ययावत करणे, दिवसभराचे फोटो वर चढवणे, आलेले व्हिडिओ उतरवून ठेवणे. फोन खिशात आहे, मालक पेपर वाचतो आहे, पण वाय-फाय मिळताच फोन तुंबलेली कामे काढतो. असे वीस फोन आत आले की १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिटची; आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी) जोडणी पुरत नाही. त्यातही वर चढणारे फोटो जास्त त्रास देतात. वर जाणारी वाट भरली की खाली येणाऱ्या पानांची पोचही तिच्यात अडकते, आणि साधे पान उघडायला अर्धा मिनिट लागतो. खिशातला तो फोन सभासदाचा आहे की बिगरसभासदाचा, याने काही फरक पडत नाही. एक तारखेनंतरही हे असेच चालू राहील.

‘वाय-फाय दिसते पण जोडले जात नाही’ या तक्रारीचे मूळ तर आणखी साधे आहे. जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला राउटर एक पत्ता देतो. आपल्या राउटरची वाटणी १०० ते १९९, म्हणजे एकूण शंभर पत्त्यांची आहे आणि प्रत्येक पत्ता २४ तासांसाठी दिला जातो. कोणी दहा मिनिटे बसून गेला तरी त्याचा पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहतो. भर म्हणजे अँड्रॉइड १० पासूनचे आणि आयफोनवर आयओएस १४ पासूनचे फोन स्वतःची खरी ओळख लपवून बनावट ओळख दाखवतात. वाय-फाय ‘विसरून’ पुन्हा जोडले की काही फोन नवी ओळख घेतात आणि राउटर त्यांना नवा पत्ता देतो. सकाळी सगळे सुरळीत असते, दुपारी तीन-चारपर्यंत शंभर पत्ते संपतात आणि नंतर आलेल्या सभासदाच्या फोनवर नुसते चक्र फिरत राहते. शेजारच्या खुर्चीवर एखादा अनोळखी मुलगा बसलेला असतो, आणि राग त्याच्यावर निघतो. पत्त्याची मुदत २४ तासांवरून एका तासावर आणली आणि पाहुण्यांसाठी, म्हणजे बिगरसभासदांसाठी, हजारभर पत्त्यांची वेगळी वाटणी केली की हे दुखणे थांबते. काम अर्ध्या तासाचे आहे.

वेगाचा उपायही अवघड नाही. कंपनीने दिलेल्या राउटरच्या पुढे दहा हजारांच्या आतला एक व्यवस्थापनक्षम राउटर, म्हणजे वेग आणि पत्ते हवे तसे वाटून देता येणारा, बसवायचा. मायक्रोटिक कंपनीचा लहान राउटर पुरतो. त्यावर दोन जाळी करायची, एक सभासदांचे आणि एक पाहुण्यांचे, आणि पाहुण्यांच्या जाळ्यातून कार्यालयाचा संगणक, प्रिंटर किंवा दुसऱ्याचा फोन दिसणार नाही अशी आडभिंत घालायची. पाहुण्यांना सर्व मिळून ३० एमबीपीएसपेक्षा जास्त नाही, आणि प्रत्येक यंत्राला खाली २ एमबीपीएस, वर अर्धा एमबीपीएस. २ एमबीपीएसवर दोन एमबीचे पान आठ सेकंदांत उघडते, आणि २०० केबीची पीडीएफ तीन-साडेतीन सेकंदांत वर जाते. अर्जाला एवढे पुष्कळ झाले. सिनेमा उतरवायला मात्र हा वेग नकोसा होतो, वेगळी बंदी घालावी लागत नाही.

खर्चाचा हिशेबही मांडू. जोडणीचे मासिक बिल दहा जणांनी वापरली काय नि चाळीस जणांनी वापरली काय, तेवढेच येते. ‘अमर्यादित’ म्हणवणाऱ्या योजनांना महिन्याची मर्यादा असते, आपल्यासारख्या बऱ्याच योजनांत ती ३३०० जीबी आहे. पाहुण्याने २ एमबीपीएस पाऊण तास एक क्षणही न थांबता वापरले तरी ६७५ एमबी होतात. दिवसाला असे तीस पाहुणे आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर साधारण ५२७ जीबी. सर्वांत वाईट अंदाज धरूनही मर्यादेच्या सहाव्या हिश्शाला हे पोहोचत नाही. विजेचे म्हणाल तर दोन जुने संगणक आठ तास चालले की दोन युनिटच्या आसपास. छपाई फुकट द्यावी असे आम्ही कधीच म्हटले नाही. पानामागे सगळ्यांनी पैसे द्यावेत.

संगणकांविषयी एक गोष्ट खटकते, ती स्पष्टच सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-सुधारणा, संपला. आपले जुने संगणक विंडोज ११ घेत नाहीत, म्हणून ते भंगारात काढायचे ठरले आहे. तेच पाहुण्यांसाठी द्या. प्रत्येकात २५६ जीबीची एसएसडी (जलद साठवणूक) आणि ८ जीबी रॅम टाकून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवली की ते आणखी काही वर्षे आरामात चालतील. मिंटमध्ये पाहुणा-सत्राची सोय असते. ती मुळात बंद असते, लॉगिनच्या सेटिंगमधून चालू करावी लागते. पाहुण्याने बाहेर पडताच त्याने उतरवलेले, उघडलेले, साठवलेले सगळे पुसले जाते. याची गरज किती आहे ते पाहायचे असेल तर आज कक्षातल्या कुठल्याही यंत्राचे ‘डाउनलोड’ फोल्डर उघडा. आधारची पीडीएफ, पासबुकाचे पहिले पान, जातीचा दाखला, गुणपत्रिका, सगळे पडलेले आहे, आणि त्यात सभासदांची कागदपत्रेही आहेत. ब्राउझरने ‘पासवर्ड जतन करू का?’ विचारल्यावर ‘हो’ दाबलेली खाती वेगळीच. बाहेरच्यांना बंदी घालून यातले काहीही सुटत नाही.

कायद्याची भीती मंडळात वारंवार काढली जाते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली सायबर कॅफेंसाठी २०११ चे नियम आहेत. ग्रंथालय ‘सायबर कॅफे’ ठरते का, हा वकिलांना विचारायचा प्रश्न आहे आणि तो विचारावाच. पण नियम काय मागतात? वापरणाऱ्याचे ओळखपत्र पाहायचे आणि त्याची प्रत ठेवायची. नाव, पत्ता, संगणकाचा क्रमांक, येण्याची आणि जाण्याची वेळ नोंदवहीत लिहायची. नोंदी किमान एक वर्ष जपायच्या. पडदे मोकळ्या जागेकडे तोंड करून, आडोसा असलाच तर साडेचार फुटांपेक्षा उंच नको. ओळखपत्र नसलेल्या अल्पवयीनाबरोबर ओळखपत्र असलेला मोठा माणूस हवा. यात सभासद आणि बिगरसभासद असा भेद कुठेही नाही. आपण तर आज सभासदांच्याही वेळा नोंदवत नाही. म्हणजे कायदा मनावर घ्यायचाच तर वही सर्वांसाठी हवी. ओळखीसाठी आधारचाच हट्ट नको. महाविद्यालयाचे ओळखपत्र, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना चालतो. प्रती कुलुपात ठेवाव्यात, टेबलावरच्या गठ्ठ्यात नव्हे, आणि मुदत संपली की फाडून टाकाव्यात.

वाय-फायचा एकच पासवर्ड फळ्यावर लिहिण्याची पद्धत तेवढी आजच बंद करा. तो पासवर्ड आता शेजारच्या चहाच्या गाडीपर्यंत पोहोचला आहे. वहीत नोंद झाली की सहा अक्षरांची छापील चिठ्ठी द्यायची : पाऊण तास, एकच फोन. राउटर या चिठ्ठ्या शेकड्याने तयार करून देतो. फोन बनावट ओळख दाखवत असल्याने फोनवर बसवलेली मर्यादा टिकत नाही, चिठ्ठीची टिकते. हे पुढे डोईजड वाटले तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली केंद्राची पीएम-वाणी ही सार्वजनिक वाय-फायची योजना आहे. तिच्यात जागा देणाऱ्या संस्थेला परवाना किंवा नोंदणी शुल्क लागत नाही. पण आपल्या आकाराला चिठ्ठी पुरेशी आहे.

सभासदांचा एक प्रश्न रास्त आहे : ‘आम्ही वर्गणी भरायची आणि बाहेरच्यांनी फुकट वापरायचे?’ आमचे उत्तर असे. सभासदाला सगळी यंत्रे, वेळेचे बंधन नाही, पूर्ण वेग, अभ्यासिकेतली जागा आणि घरी न्यायला पुस्तक. बिगरसभासदाला दोन यंत्रे, पाऊण तास आणि मोजका वेग. वृत्तपत्रांच्या टेबलावर बसलेल्या माणसाचा वर्गणीदाराला कधी राग आला नाही, कारण त्याच्या हातचे पुस्तक कोणी हिसकावले नव्हते. इथेही त्याची खुर्ची कोणी घेणार नाही, एवढी व्यवस्था झाली पाहिजे. ती आजवर झाली नाही, हा दोष आपला सर्वांचा आहे, आमचाही.

वेळेबद्दल एक ताकीद. काही सदस्यांनी अर्ध्या तासाला आपोआप बंद होणारी प्रणाली सुचवली आहे. कृपया ती बसवू नका. ओटीपी, कागदपत्रे आणि शुल्क धरून अर्जाला पाऊण तास सहज लागतो. शुल्क भरताना बँकेच्या पानावर यंत्र बंद पडले तर खात्यातून पैसे जातात आणि अर्जावर ‘प्रलंबित’ दिसते. मग परताव्यासाठी दिवसच्या दिवस घालवावे लागतात, तोवर तारीख उलटून जाते. चाळीस मिनिटांनी पडद्यावर सूचना यावी, आणि पुढचा निर्णय टेबलावरच्या माणसाने घ्यावा. मागे कोणी थांबले नसेल तर उठवायचे कशाला?

आमच्या मागण्या :

१. एक तारखेपासूनची बंदी स्थगित करावी आणि दारावरची सूचना काढावी.

२. बिगरसभासदांसाठी दोन संगणक राखून ठेवावेत. रोज किमान चार तास, त्यातले दोन दुपारी दोननंतर, म्हणजे तालुक्यांतून सकाळच्या गाडीने येऊन कॉलेज उरकलेल्यांना वेळ मिळेल.

३. नवा राउटर, दोन एसएसडी आणि रॅम यांच्या खरेदीला याच महिन्याच्या सभेत मंजुरी द्यावी. बसवण्याची मजुरी आम्ही घेणार नाही.

४. नोंदवही सभासदांसह सर्वांना लागू करावी.

५. पावसाळ्यासाठी वेगळा ठराव करावा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले, २०२१ लाही शहर पुन्हा पाण्यात होते. अशा वेळी पातळी पाहायला, नातेवाइकांशी बोलायला, निवारा कुठे आहे ते शोधायला प्रत्येकाला नेट लागते. पाणी ३९ फुटांवर गेले की पाहुण्यांचे जाळे चिठ्ठी आणि वेळेच्या अटीशिवाय उघडावे, नुसती वही ठेवावी. राउटर आणि फायबरच्या डबीला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडला की लाइट गेल्यावरही फोनवरचे नेट काही तास चालते. संगणक जोडलेला ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटांत बसतो, त्यावर विसंबू नये.

६. तीन महिन्यांनी वही आणि राउटरवरच्या नोंदी काढून वापराचा हिशेब सूचना फलकावर लावावा. पाहुण्यांमुळे सभासदांना खरोखर त्रास झाल्याचे आकड्यांत दिसले तर फेरविचाराची मागणी आम्ही स्वतः करू.

पत्त्यांची मुदत एका तासावर आणण्यासाठी खरेदीची गरज नाही, राउटरचा प्रशासक पासवर्ड तेवढा लागतो. तो कार्यालयाच्या कपाटात आहे. तो मिळाला तर येत्या रविवारी ग्रंथालय बंद असताना आम्ही ते काम करून ठेवू. सोमवारी दुपारी चार वाजता कोणत्याही सदस्याने येऊन आपला फोन जोडून पाहावा.

आपले,
संगणक कक्षाचे स्वयंसेवक
कोल्हापूर